नाटकाच्या पत्रिकेवर टाकायला वेळेबद्दलची म्हण हवी आहे

फोंडेकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जत्रेत देवळासमोर मराठी नाटक असतं, यंदा पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलंय. दरवर्षी तेच, पत्रिकेवर लिहितो रात्री १०, पालखी देवळात येईस्तोवर साडेअकरा, मग प्रमुख पाहुण्यांची वाट बघणं, मग सत्कार, नांदीला बारा वाजून जातात. पोरं संध्याकाळपासून रंग लावून बसलेली, घामाने चिकटवलेल्या मिशा सुटायला लागतात, फार वाईट वाटतं बघून. म्हणून पत्रिकेवर वेळेबद्दल एखादी चांगली म्हण टाकूया म्हणतोय. मला 'लवकर निजे लवकर उठे' सोडून काही आठवेना, आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला ती कशी टाकणार. सुचवा प्लीज.

म्हादईकाठ:
आपल्याकडे म्हणी पुष्कळ आहेत पण बहुतेक उशीर करणाऱ्याला टोचणाऱ्या. वरातीमागून घोडं, बैल गेला आणि झोपा केला, तहान लागल्यावर विहीर खणणं. लवकर येणाऱ्याचं कौतुक करणारी पटकन आठवतच नाही, उलट जास्त घाई केली तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. यातली कुठलीच आमंत्रणावर शोभणार नाही, पाहुण्याला बोलवायचं आणि त्याच कागदावर टोमणा मारायचा हे मला तरी पटत नाही.

निवृत्त_बाई:
इंग्रजीतली लवकर उठणाऱ्या पक्ष्याला किडा मिळतो ही म्हण मुलांना पाठ असते, विल्यम कॅम्डेनच्या पुस्तकाच्या १६३६ च्या आवृत्तीत ती आहे म्हणजे चांगलीच जुनी. पण तुमच्या कामाची वेगळीच, वक्तशीरपणा हा राजांचा शिष्टाचार. फ्रान्सच्या अठराव्या लुईच्या नावावर सांगतात. यात कोणाला दोष नाही, मान आहे, प्रमुख पाहुण्यांना पत्रिका देताना तीच वाचून दाखवा.

रंगपटात:
फोंडेकरदादा, मी बरीच वर्षं जत्रेच्या नाटकांत पडद्यामागे काम करतोय म्हणून स्पष्ट सांगतो, प्रेक्षक उशिरा येत नाहीत हो. बायका तर पालखीच्या आधीच चटया घालून जागा धरून ठेवतात, लहान पोरं तिथेच झोपून जातात. उशीर होतो तो स्टेजवर. म्हण हवीच तर 'रात्र थोडी सोंगं फार' घ्या, नाटकवाल्यांना अगदी लागू, आणि कोणाला लागणार पण नाही. पण खरं काम म्हणजे सत्कार पहिल्या अंकानंतर ठेवा. पाहुणे आले नसतील तरी नांदी सुरू करा, आले की मध्यंतरात मान द्या. आणि खोटे १० छापू नका, पालखी कधी परतते ते देवस्थान समितीला विचारून खरी वेळ लिहा.

दिवाडीचा:
रंगपटात यांना अनुमोदन. आम्ही बेटावरची माणसं, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट कोणासाठी थांबत नाही, परतीची फेरी डोक्यात ठेवूनच बाहेर पडावं लागतं. साडेअकरा छापा नाहीतर बारा छापा, चालेल आम्हाला, पण मग पडदा त्याच वेळेला उघडायला हवा.

फोंडेकर:
सगळ्यांचे आभार. समितीशी आजच बोललो, सत्कार मध्यंतरात घ्यायला तयार आहेत. पत्रिकेवर वर 'रात्र थोडी सोंगं फार' आणि खाली 'पालखीनंतर लगेच, ठीक ११.३० वाजता नांदी'. बाई, राजांवालं वाक्य पाहुण्यांच्या पत्रात घालतो. प्रूफ यायचंय अजून, शुद्धलेखन कोण बघून देईल का?