मास्ट सेलला मराठीत काय म्हणायचं?

गवतीचहा: अ‍ॅलर्जीवरच्या एका पत्रकाचं मराठी करतेय, परवा छापायला द्यायचंय आणि मास्ट सेल या अ‍ॅलर्जीतल्या पेशीच्या नावावर अडलेय. आधी कुणीतरी 'मस्तूल पेशी' लिहून ठेवलंय, बहुतेक हिंदीतून उचललेलं. मस्तूल म्हणजे डोलकाठी ना?

निशाचर: डोलकाठीचा काही संबंध नाही, शब्द जर्मन आहे. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ च्या प्रबंधात या पेशी दाखवल्या, रंग दिल्यावर आत दाणेच दाणे दिसले, त्याला वाटलं या खाऊन खाऊन तट्ट फुगल्यात. मास्ट म्हणजे जनावर पोसायचा खुराक. सरळ 'पुष्टपेशी' लिहा.

भोरवाला: आमच्याकडे खुराकावरचा बैल मस्तीला आला म्हणतात. आजोबा रात्री पेंड भिजत घालायचे, सकाळी बादलीत हात घालून ढेकळं फोडायचे, तोवर बैल दावं ताणून उभा. मला तर मस्ती आणि हे मास्ट एकच वाटतं.

सुलेखा: मस्त फारसी आहे हो, नशेतला, आपल्या 'मत्त'चा भाऊबंद. मास्टचं नातं कोशकार 'मेद'शी लावतात. पण मेदपेशी करू नका, त्या चरबीच्या.

कर्वेरोड: मुळात एर्लिखचा समजच चुकीचा होता. ते दाणे खाल्लेले नसतात, पेशी स्वतः बनवते, त्यात हिस्टामिन नावाचं रसायन असतं, ते सुटलं की अंगावर गांधी उठतात. खरंच गिळणाऱ्या पेशी मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ ला इटलीतल्या मेसिनात पाहिल्या, तारामाशाच्या अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला तर सकाळी काट्याभोवती गोळा झालेल्या. त्यांना भक्षकपेशी शोभतं. पण चुकीची समजूत मराठीत कशाला आणायची? माझ्या मुलाला पित्त उठतं, आमच्या घरात आजीसुद्धा मास्ट सेलच म्हणते.

निशाचर: असं म्हणत गेलं तर मराठीत नवा शब्द कधी घडणारच नाही. पेशीसुद्धा जुनाच शब्द नव्या कामाला लावलाय, संस्कृतात तो मांसाचा तुकडा. हिंदीत मांसपेशी म्हणजे अजून स्नायूच.

भोरवाला: पुण्यात गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी ती संस्था आहे ना, तिचं हिंदी नाव कोशिका विज्ञान केंद्र. बारावीत असताना मला वाटायचं तिथे रेशमाचे किडे पाळतात.

सुलेखा: कोशिकाच जास्त बरोबर आहे खरं तर. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये बुचाच्या कापात खोल्या पाहिल्या म्हणून सेल. पेशीत खोली कुठाय?

कर्वेरोड: पण रुळलीय ना पेशी! तसंच मास्ट सेल रुळेल.

गवतीचहा: पुष्टपेशी की मास्ट पेशी, एक सांगा ना, ती ओळ अजून रिकामी आहे.

सुलेखा: आणि स्नायूचंही बघा, संस्कृतात स्नायू म्हणजे मांस नाहीच, हाडं बांधणारे पट्टे.

निशाचर: मग मराठीत उलटं कधी झालं?