फुलांचे अत्तर अंगावर: सीमाभागातील अनुभव

गजरा माळणे आणि बाटलीतला फुलांचा सुगंध अंगावर लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील मंडळींनी आपण कोणत्या फुलाचे अत्तर किंवा परफ्यूम वापरता, ते अंगावर कसे बदलत जाते आणि आपल्या हवेत किती टिकते, हे येथे सविस्तर लिहावे. 'छान वाटते' एवढ्यावर कृपया थांबू नये.

टिळकवाडी, बेळगाव

मी मोगऱ्याचे अत्तर वापरते. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुले आणि पाणी तापवून त्यांची वाफ बांबूच्या नळीने भपका नावाच्या, गार ठेवलेल्या भांड्यात नेतात, आणि भपक्यातले चंदनाचे तेल तो सुगंध धरून ठेवते. म्हणूनच चांगल्या अत्तरात सकाळी मनगटावर मोगरा असतो आणि दुपारनंतर त्याखालचे चंदन वर येते. चंदनाचे तेल महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी पातळ पॅराफिन वापरतात. अशा अत्तराचा मोगरा सुरुवातीला तितकाच देखणा असतो, पण तो ओसरला की मागे काहीही राहत नाही. माझ्या मते अत्तर दुकानात हुंगून घेऊ नये; मनगटाला लावून बाजाराची इतर कामे उरकावीत आणि मग परत जाऊन ठरवावे. दुकानदार थोडा नाराज होतो, तो होऊ द्यावा.

हवेचा फरकही मोठा आहे. एप्रिल-मेच्या उन्हात सुगंध भराभर उडतो आणि आरंभीचा उग्रपणा अंगावर येतो. मोगऱ्यात इंडोल नावाचे द्रव्य असते; अल्प प्रमाणात ते फुलाला जिवंतपणा देते, पण जास्त झाले तर कुजकट वाटते. उन्हाळ्यात माझी नणंद स्पष्टच म्हणते, ''वहिनी, शिळ्या गजऱ्याचा वास येतोय.'' बेळगावच्या पावसाळी गारव्यात मात्र तेच अत्तर सावकाश उमलते आणि संध्याकाळपर्यंत पुरते, म्हणून ते मी आता जून ते सप्टेंबरसाठीच राखून ठेवते.

निपाणी

आमच्या घरी तंबाखूचा व्यापार असल्यामुळे वखारीचा वास कपड्यांत कायमचा मुरलेला असतो. त्यावर मोगरा किंवा जाई लावली तर दोन्ही वास एकमेकांशी भांडतात. गुलाबाचे अत्तर मात्र तंबाखूच्या गोडसर, सुकलेल्या वासात चांगले मिसळते.

खानापूर

माझे माहेर सावंतवाडीकडचे. फाल्गुन-चैत्रात तिकडून कोणी आले की सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) येतात. सुरंगी सुकली तरी तिचा सुगंध जात नाही, त्यामुळे कपाटातील साड्यांत ती ठेवली की वेगळे अत्तर लागत नाही. सुरंगीचे म्हणून मिळणारे एक अत्तर मी आणवले होते. त्यात गोडवा होता, परंतु फुलातला तो मधासारखा जडपणा नव्हता. बकुळीच्या अत्तराने माझी इतकी निराशा केली नाही, बहुधा माहेरच्या अंगणात बकुळ नव्हती म्हणून.

चिकोडी

मी शिक्षक आहे आणि जाईचे अत्तर लावतो. शिक्षकांच्या खोलीत ''सर, आज घरी पूजा होती का?'' असे अनेकदा विचारले जाते, कारण फुलांचा वास पुरुषाने लावावा हे अनेकांना पटत नाही. लग्नमंडपात पुरुषांच्याही हातावर अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडण्याची रीत ज्या समाजात आहे, त्याला हे इतके नवल का वाटावे?

वडगाव, बेळगाव

परदेशी राहणाऱ्या लेकीने 'लिली ऑफ द व्हॅली'चा परफ्यूम पाठवला. या फुलापासून वापरण्याजोगे तेल निघत नाही, त्यामुळे त्याचा सुगंध हायड्रॉक्सीसिट्रोनेलालसारख्या रसायनांतून उभा करावा लागतो; फ्रेंच सुगंधकार एदमाँ रुदनित्स्का यांनी 1956 मध्ये घडवलेला 'डिओरिसिमो' हा परफ्यूम त्याचा गाजलेला नमुना. मी ते फूल कधी पाहिलेले नाही. सासूबाई म्हणाल्या, ''साबणाचा वास आहे गं.'' त्यांचे अनुमान चुकीचे नव्हते, कारण हाच सुगंध साबणांतही भरपूर वापरतात. तरीही सकाळी न्हाणे झाल्यावर तो लावला की स्वच्छ, ओलसर वाटते, म्हणून मी तो रोज वापरते.

शहापूर, बेळगाव

केवड्याचे अत्तर लावणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. स्वतःच्या अंगावरचा वास नाकाला थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, आणि अत्तर उडाले असे समजून माणूस पुन्हा लावतो. केवडा मुळातच पल्लेदार असल्याने बंद खोलीतील इतरांना त्याचा त्रास होतो. मी एक थेंब कानामागे लावतो आणि बाहेर पडण्यापूर्वी पुन्हा लावू का, असे सौभाग्यवतींना विचारतो. त्या अजून एकदाही 'हो' म्हणालेल्या नाहीत.