एक्सपेरिमेंटल जेटसेट: एकाच अक्षरवळणातून शैली कशी घडते?

अक्षरवेध (प्रश्न):
ॲम्स्टरडॅममध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘एक्सपेरिमेंटल जेटसेट’ या ग्राफिक डिझाइन करणाऱ्या गटाचे काम सध्या बारकाईने पाहत आहे. मारीके स्टोल्क, डॅनी फान डेन डुंगेन आणि एर्विन ब्रिंकर्स हे त्याचे तीन सदस्य. त्यांच्या बहुतेक कामांत हेल्व्हेटिका हेच अक्षरवळण (टाइपफेस) दिसते. ज्या अक्षरवळणाला सर्वसाधारणपणे तटस्थ, किंबहुना निर्विकार मानले जाते, त्यातून यांचे काम चटकन ओळखू कसे येते? की ही निव्वळ सवय म्हणायची?

रेषामात्र:
हेल्व्हेटिकाचा जन्म १९५७ सालचा आणि स्वित्झर्लंडमधला असला, तरी या तिघांच्या दृष्टीने ती घरचीच आहे. ते लहान होते त्या सत्तरच्या दशकात नेदरलँड्सच्या सार्वजनिक जीवनावर डच ग्राफिक डिझायनर विम क्राउवेल आणि त्यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये स्थापन केलेल्या ‘टोटल डिझाइन’ या संस्थेचा ठसा होता. टपाल तिकिटे आणि दूरध्वनी निर्देशिकाही क्राउवेल यांच्या हातून गेलेल्या होत्या. त्यामुळे आधुनिकतावादी मांडणी ही त्यांनी पुस्तकातून शिकलेली शिस्त नसून कानावर पडत आलेल्या बोलीसारखी आहे, असे मला वाटते. मातृभाषेत बोलणाऱ्याला आपण सवयीचा गुलाम म्हणत नाही.

कोरे पान:
अक्षरवळण आधीच ठरलेले असले, की सारा भार मजकूर, ओळी कुठे तुटतात आणि अक्षरांमध्ये किती अंतर आहे यांवर येतो. त्यांचा २००१ सालचा टी-शर्ट पाहा: बीटल्समधील चौघांची नुसती पहिली नावे, एकाखाली एक, पहिल्या तिघांपुढे ‘&’ आणि शेवटी पूर्णविराम. ना चित्र, ना आडनाव; तरीही चौघांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासाठी २०१३ मध्ये त्यांनी केलेली दृश्य ओळखही (बोधचिन्ह आणि मांडणी) याच विचाराची आहे. तिथले डब्ल्यू हे अक्षर म्हणजे एक बारीक नागमोडी रेषा असून, पानावर चित्र आणि मजकूर यांना जागा दिल्यावर जे काही उरेल त्यात ती ताणली किंवा आक्रसली जाते. सोबतच्या मजकुराला हेल्व्हेटिकाचे मूळ रूप असलेले ‘नॉये हास ग्रोटेस्क’ वापरले आहे. अक्षर स्थिर आणि रेषा चंचल, ही जोडी मला फार नेमकी वाटते.

ठळक ठिपका:
वरील दोन्ही मते मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. त्या टी-शर्टच्या इतक्या नकला झाल्या, की आता चार नावे आणि ‘&’ दिसले तरी मूळ कल्पनेतील धार जाणवत नाही. अर्थात, नकलाकारांचा दोष मूळ कर्त्यांच्या माथी मारता येणार नाही.

अक्षरवेध:
मग आक्षेपाचे उत्तर बहुधा ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक या आधुनिक कलेच्या संग्रहालयासाठी केलेल्या कामात सापडेल. २००४ मध्ये ते संग्रहालय ॲम्स्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकाजवळील टपाल खात्याच्या जुन्या इमारतीत तात्पुरते हलले, तेव्हा या गटाने हवाई टपालाच्या पाकिटांवरील लाल-निळे तिरके पट्टे त्याच्या ओळखीत आणले. ती कल्पना त्या इमारतीवाचून सुचलीच नसती, आणि म्हणूनच तिची नक्कल करणे अवघड आहे.