उत्तर द्यावं, पण टॉल्किनसारखं

नवख्या लेखकाने वाचकांच्या अभिप्रायांवर तोंडच उघडू नये, हे मत मला अर्धंच पटलं. ‘तुम्हाला पुस्तक कळलंच नाही’ म्हणत भांडायला उतरणाऱ्यांनी गप्प बसावं, हे खरंच. पण इंग्रज लेखक टॉल्किनचं बघा. ‘द हॉबिट’ ही त्याची पहिली कादंबरी, १९३७ची. पुढच्याच जानेवारीत ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्रात एका वाचकाने टोपणनावाने पत्र लिहून विचारलं, ड्रॅगनचा पेला चोरण्याचा प्रसंग ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यावरून घेतलाय का? (सरळ भाषेत, ढापलाय का?) टॉल्किनने उत्तर लिहिलं, तेही मिश्कील. बेओवुल्फचं ऋण मान्य केलं, पण लिहिताना ते जाणीवपूर्वक मनात नव्हतं, कथेच्या ओघात चोरी अटळच होती, असं सांगितलं. वर, बेओवुल्फचा कर्ताही बहुधा हेच म्हणाला असता, अशी कोपरखळी!