जर्मन ‘व्हेंडं’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

जर्मनच्या बी२ (मध्यमाच्या वरच्या पातळीच्या) वर्गाला सध्या १९८९-९० शिकवते आहे, म्हणजे बर्लिनची भिंत पडून दोन जर्मनी एक झाले तो काळ. मुलांचं व्याकरण पक्कं आहे, पण त्या वर्षाबद्दल लिहायला सांगितलं की सगळ्याच घडामोडींना ती ‘एकीकरण’ म्हणतात. जर्मन लोक सर्रास ‘व्हेंडं’ म्हणतात, म्हणजे वळण. मराठीत ‘सत्तापालट’ चालेल की ‘स्थित्यंतर’?

उत्तर

मी दोन्ही टाळेन. सत्तापालटात फक्त वरची माणसं बदलतात. स्थित्यंतर कुणी घडवलं ते कळतच नाही, आणि जर्मनीतला वाद तर नेमका त्यावरच आहे. १८ ऑक्टोबर १९८९ला पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते होनेकर यांच्या जागी एगॉन क्रेन्झ सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले आणि आपण ‘व्हेंडं’ घडवून आणणार असं त्यांनी भाषणात जाहीर केलं. त्याआधीच, ९ ऑक्टोबरला, लाइप्झिगमध्ये सत्तरएक हजार माणसं जीव मुठीत धरून रस्त्यावर उतरली होती. म्हणजे चालले लोक आणि श्रेय घेतलं पक्षानं! ४ नोव्हेंबरला बर्लिनच्या सभेत लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी या शब्दाबद्दलची अडचण बोलून दाखवली. त्यांना शिडाची होडी दिसत होती: वारा फिरला म्हणून कप्तान हुकूम देतो आणि शिडाचा दांडा डोक्यावरून जाताना खलाशी खाली वाकतात.

म्हणूनच चळवळीतले बरेच जण ‘शांततामय क्रांती’ म्हणणं पसंत करतात. बोलण्यात मात्र ‘व्हेंडंच्या आधी’, ‘व्हेंडंनंतर’ हेच रुळलं आहे. वर्गात शब्द जर्मनच राहू द्या. फळ्यावर ९ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर (भिंत पडली तो दिवस), मग १८ मार्च १९९०ची खुली निवडणूक आणि ३ ऑक्टोबर १९९० अशा तारखा मांडा आणि कुठल्या तारखेला कुठला शब्द लागू पडतो ते मुलांनाच भांडून ठरवू द्या. एकीकरण फक्त शेवटच्या तारखेचं. तिथेही कायद्याच्या भाषेत तो ‘बायट्रिट’ आहे: पश्चिमेच्या राज्यघटनेच्या २३व्या कलमाखाली पूर्व जर्मनी सामील झाला. याला ‘विलीनीकरण’ म्हणू नये, असं माझं मत. पूर्वेकडच्या अनेकांना आपण विरघळून गेलो असं वाटलं हे खरं, पण ती त्यांची भावना झाली, कलमाचा शब्द नव्हे.

आणखी एक उत्तर

ताई, घोषणा जरूर घ्या. आधी लोक ओरडत होते ‘व्हीर झिंट डास फोल्क’. भिंत पडल्यावर ती घोषणा ‘व्हीर झिंट आइन फोल्क’ अशीही ऐकू येऊ लागली. जर्मनमध्ये बदललं ते एक उपपद. मराठीत मात्र सर्वनामसुद्धा बदलावं लागतं! पहिली घोषणा सरकारला उद्देशून आहे, म्हणून ‘जनता म्हणजे आम्ही’. दुसरीत पश्चिमेकडचेही आले, म्हणून ‘आपण एकच राष्ट्र’. जर्मन ‘व्हीर’मध्ये हा भेद नाही. आपल्या मुलांना तो बोलता बोलता कळतो, तेव्हा उपपदाचा धडा इथूनच सुरू करावा. ‘फोल्क’लाही एकदा जनता आणि एकदा राष्ट्र म्हणावं लागलं, त्यावरही थांबा. नाझींनी हा शब्द वापरून वापरून काय केला होता ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्नकर्ती

आम्ही-आपण हे मला सुचलंच नव्हतं, फार आभार. आता ‘व्हेंडंहाल्स’चं सांगा. ‘आयाराम-गयाराम’ चालेल?

पहिलं उत्तर देणारे

नाही. आयाराम-गयाराम पक्ष बदलतात. व्हेंडंहाल्स हा मूळचा मान गर्रकन फिरवणारा एक पक्षी. कालपर्यंत राजवटीची आरती करणारा आणि आज लोकशाहीवादी झालेला माणूस, असा त्याचा तेव्हाचा अर्थ. ‘वारा येईल तशी पाठ फिरवणारा’ जवळचं वाटतं. वर्ग प्रगत असेल तर ‘त्साइटनव्हेंडं’ही जोडा. २७ फेब्रुवारी २०२२ला, रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, तेव्हाचे चान्सलर शोल्त्स यांनी संसदेत तो वापरला. तिथे ‘युगांतर’ चपखल बसतं.