मदत हवी आहे: आयव्हीएफची जुळी, एकीची जीभ मोठी, कॅरियोटाइप नॉर्मल. पुढे काय तपासू?

बालरोग_सातारा
एकच गर्भ सोडला होता (इक्सी, म्हणजे शुक्राणू थेट बीजांडात टोचून केलेला), तो विभागून एकाच वारेवर दोन मुली. ३४ आठवडे. पहिली २.६ किलो: जीभ तोंडाबाहेर, बेंबीचा हर्निया, कानाच्या पाळ्यांवर चिरा, साखर घसरली होती ती तीन दिवसांत सावरली. दुसरी १.९ किलो, दिसायला अगदी व्यवस्थित. बेकविथ-वीडमनची (अवयव जास्त वाढण्याचा जन्मजात आजार) शंका आहे. पण कॅरियोटाइप ४६,एक्सएक्स आला, एक्झोमही कोरा. घरचे म्हणतात, "मग सगळं ठीकच की." कोणती तपासणी मागवू? आई विचारते, आयव्हीएफमुळे झालं का? शिवाय दोन गर्भ गोठवलेले आहेत, ते तपासून घेता येतील का?

मिथायल_लॅब
आधी गुण मोजा. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत मोठ्या जिभेला २; बेंबीचा हर्निया, कानावरच्या चिरा आणि आठवड्याच्या आत सावरलेली साखर यांना प्रत्येकी १. झाले ५. चार किंवा जास्त झाले की लक्षणांवरूनच निदान धरतात, जनुकीय अहवाल काहीही येवो.

कॅरियोटाइप गुणसूत्रं पाहतो, एक्झोम डीएनएची अक्षरं वाचतो. या आजारात बहुधा दोन्ही शाबूत असतात. हरवते ती अक्षरांवरची मिथाइलची खूण, जनुक चालू की बंद हे ठरवणारी. म्हणून ११पी१५ ची (११ व्या गुणसूत्रावरचा भाग) एमएस-एमएलपीए, म्हणजे ही खूण मोजणारी तपासणी मागवा. त्यात डीएनएचे दोन भाग करून एकात एचएचए-१ एन्झाइम घालतात. मिथाइल असलेली जागा ते कापत नाही, नसलेली कापतं. या भागात अशा खुणांच्या दोन जागा आहेत, आयसी१ आणि आयसी२. आयसी२ ला आईकडची प्रत मिथाइलवाली, वडिलांकडची बिनमिथाइलची, म्हणून निरोगी प्रमाण ०.५ च्या आसपास येतं. ते खाली घसरलं की आयसी२ लॉस, म्हणजे खूण गेली. एकूण रुग्णांत सुमारे निम्मे याच गटात, आयव्हीएफनंतरच्या रुग्णांत बहुतेक सगळे. आयसी२ खाली आणि सोबत आयसी१ वर असेल तर वडिलांच्याच दोन प्रती (यूपीडी) असण्याचा संशय घ्या.

तुमच्या केसमध्ये खरी गोची जुळ्यांची आहे. एकाच वारेत रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, रक्तपेशींची सरमिसळ होते. मग रक्तात धडधाकट बहिणीचंही प्रमाण घसरलेलं दिसतं आणि आजारी मुलीचा बिघाड सौम्य वाटतो. दोघींचा गालाच्या आतला स्वॅब पाठवा, आणि दूध पाजल्या पाजल्या घेऊ नका: आईच्या पेशी मिसळतात. अर्धा-एक तास जाऊ द्या, तोंड पुसून घ्या. बिघाड मोझेक (काही पेशींतच) असतो, त्यामुळे एका ऊतीतला नॉर्मल अहवाल म्हणजे सुटका नव्हे.

गर्भपेटी
आईच्या प्रश्नाचं. आयसी२ ची खूण बीजांड वाढत असताना लागते. फलनानंतर गर्भातली बाकीची मिथाइलं पुसली जातात, तेव्हा ही टिकवून धरावी लागते. हॉर्मोनची इंजेक्शनं आणि डिशमधले दिवस नेमके याच काळात येतात. खूण गेली की केसीएनक्यू१ओटी१ हे जनुक दोन्ही प्रतींवर चालू होतं, वाढ रोखणारं सीडीकेएन१सी जनुक दबतं आणि वाढीला आवर राहत नाही. खूण आईकडच्या प्रतीवरची, म्हणून इक्सी झाली तरी शुक्राणूंच्या कमतरतेशी याचा संबंध जोडू नका. वडिलांना हे आवर्जून सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात (२००४) आयव्हीएफच्या साधारण ४,००० बाळांत १ असा अंदाज निघाला, इटलीतल्या पिडमाँटमध्ये (२०१७) साधारण १,१०० त १. दोन्हीकडे नेहमीच्या सुमारे दहापट. तरीही "आयव्हीएफमुळेच" असं लिहून देऊ नका. मूल न राहण्याचं मूळ कारणही वाटेकरी असू शकतं, आणि एकबीज जुळ्या मुलींत हा आजार आयव्हीएफशिवायही जास्त आढळतो.

गोठवलेल्या गर्भांची पीजीटी-ए करून पैसे घालवू नका. ती गुणसूत्रांची संख्या पाहते, मिथाइल पाहतच नाही. आयसी२ लॉससोबत कॉपी नंबरचा (डीएनएच्या प्रतींच्या संख्येचा) बदल नसेल तर पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. अपवाद एकच: अनेक इम्प्रिंट जागा (आयसी२ सारख्या खुणांच्या) एकदम बिघडलेल्या असतील तर आईच्या एनएलआरपी५, एनएलआरपी७, पीएडीआय६ सारख्या जनुकांत दोष आहे का पाहायचं. तो सापडला तर गर्भ सोडण्याआधी जनुकीय सल्लागार गाठा.

मिथायल_लॅब
अहवालातला उपप्रकार नीट वाचा, पुढची सोनोग्राफी त्यावरच ठरते. कर्करोगाच्या गाठीचा धोका आयसी१ गेनमध्ये (तिथली मिथाइल वाढलेली) सुमारे २८ टक्के, यूपीडीमध्ये १६, आयसी२ लॉसमध्ये २.६. पहिल्या दोन्हींत पोटाची सोनोग्राफी दर ३ महिन्यांनी, सातव्या वाढदिवसापर्यंत. आयसी२ ला युरोपात नियमित सोनोग्राफी करत नाहीत, अमेरिकेत करतात. माझं मत: अहवाल हाती येईपर्यंत सुरू ठेवा. एएफपी (यकृताच्या गाठीसाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) या बाळांत एरवीही वरच असतं. एका आकड्याने घाबरू नका, उतरता कल पाहा.

बालरोग_सातारा
कॅरियोटाइपसाठी घेतलेलं रक्त उरलंय, हिरव्या झाकणाच्या नळीत. स्वॅबसोबत तेच पाठवू का?

मिथायल_लॅब
नको. हिरव्यात हेपरिन असतं, ते पीसीआर (तपासणीतली डीएनएच्या प्रती वाढवायची पायरी) अडवतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत नवं २ मिली घ्या. फॉर्मवर "एकाच वारेची जुळी" असं ठळक लिहा, नाहीतर लॅब रक्ताचाच आकडा खरा धरेल.