माणूस मनातून उतरला, मालिका उतरली नाही

'बफी द व्हँपायर स्लेअर' मी कॉलेजात असताना पाहिली. मालिका १९९७ ते २००३ मधली, सात सीझन, १४४ भाग. माझ्यापर्यंत ती बऱ्याच उशिरा आली. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून, रोज रात्री दोन-दोन भाग करत मी ती संपवली. अंधाऱ्या गल्लीत जी मुलगी इतर ठिकाणी सगळ्यात आधी मरते, तीच इथे मागे वळते आणि समोरच्याला लोळवते. त्या वयात मला याची किती गरज होती, ते आज कळतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मालिकेत कॉर्डेलिया झालेल्या करिश्मा कार्पेंटरने लिहिलं की मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन याने सेटवर तिचा वर्षानुवर्षं मानसिक छळ केला, ती गरोदर राहिल्यावर तर फारच. साक्षात बफी, म्हणजे सारा मिशेल गेलर, तिनेही जाहीर केलं की बफीचा अभिमान आहे, पण जॉस व्हीडनच्या नावाशी मला कायमचं जोडू नका. धाकट्या बहिणीचं काम करणाऱ्या मिशेल ट्रॅक्टेनबर्गने सांगितलं की, व्हीडनने तिच्यासोबत खोलीत एकटं थांबायचं नाही असा सेटवर नियमच होता. पुढे एका मुलाखतीत त्याने यातलं बरंचसं नाकारलं. स्त्रीच्या ताकदीची गोष्ट सांगणारा म्हणून ज्याला आम्ही डोक्यावर घेतलं होतं, त्याच्याबद्दल हे वाचत होते.

त्याच आठवड्यात मी भिंतीवरचं पोस्टर काढलं. पोस्टरखालची भिंत उजळ राहिली होती, आजूबाजूची मळकी. तो चौकोन वर्षभर तसाच होता आणि पोस्टरपेक्षा जास्त डोळ्यांत यायचा.

तुमचीही अशी एखादी मालिका असेल तर सविस्तर लिहा. सोडली असेल, चालू ठेवली असेल, अर्ध्यात अडकली असेल, काहीही. कोण बरोबर याचा निवाडा मला नकोय. तुमच्या आत काय झालं ते हवंय.

*

माझी मालिका 'द कॉस्बी शो', आणि ती माझ्यासाठी माझ्या वडिलांपासून वेगळी काढता येत नाही.

पहिल्याच भागात घरातला मुलगा थिओ चार विषयांत 'डी' आणतो आणि वर म्हणतो, मला साधंच आयुष्य जगायचंय. बाप त्याच्या पलंगावर बसतो, मोनोपॉलीच्या खेळातल्या नोटा काढतो, महिन्याचा पगार म्हणून त्याच्या हातात ठेवतो आणि एकेक खर्च सांगत परत काढून घेतो. कर, घरभाडं, कपडे. शेवटी मुलाचा हात रिकामा. मी गणितात नापास झालो तेव्हा माझे वडील, जे एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, खऱ्या नोटा घेऊन माझ्या गादीवर येऊन बसले. मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त मोजून दाखवलं. ते कुठून शिकले हे मला लगेच ओळखू आलं होतं, कारण तो भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला होता.

२०१४ नंतर, तो बाप रंगवणाऱ्या बिल कॉस्बीने आपल्यावर लैंगिक अत्याचार केले असं सांगत, एकेक करत डझनावारी बायका पुढे आल्या. २०१८ मध्ये कॉस्बी दोषी ठरला, तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. जून २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण होतं खटला भरणार नाही, असा आधीच्या सरकारी वकिलाने त्याला दिलेला शब्द. साक्ष देणाऱ्या बायका खोट्या ठरल्या म्हणून तो सुटला, असं जे सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. तो स्वतः आजही सगळं नाकारतो.

वडील गेल्यावर, त्यांची आठवण अनावर झाली म्हणून, मी मालिका परत लावली. तिसऱ्या की चौथ्या भागात अडकलो. क्लिफ हक्सटेबल, म्हणजे कॉस्बीचं पात्र, बाळंतपणं करणारा डॉक्टर. दवाखाना घराच्याच तळघरात. बायका दार ढकलून त्याच्यावर विश्वास टाकून आत येतात. लहानपणी मी हे कधी पाहिलंच नव्हतं; आता दुसरं काही दिसेना. मी बंद केलं.

महिन्याभराने एकच प्रसंग शोधून पाहिला. थोरलीचा मित्र एल्विन सासूबाईंना, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना, आश्चर्याने विचारतो की तुम्ही नवऱ्याला कॉफी आणून देता, त्याची सेवा करता? आणि क्लेअर, म्हणजे फिलिशिया रशाद, आवाजाची पट्टी एकदाही न चुकवता त्याला नवरा-बायकोतली देवघेव समजावते. दोन मिनिटांचा प्रसंग असेल. तो तिचा आहे, पूर्ण तिचा. एल्विन झालेला जेफ्री ओवेन्स २०१८ मध्ये एका किराणा दुकानाच्या काउंटरवर काम करताना कोणी फोटोत पकडला होता. मालिकेची पुनर्प्रक्षेपणं बंद झाली, त्यांचं मानधनही आटलं, त्याचा फटका त्याला बसला होता. लोक त्याच्या कामाला हसले आणि तो ताठ मानेने सांगत राहिला की कुठलंही काम हलकं नसतं.

मालिका मी सलग पाहत नाही. तो पलंगावरचा प्रसंगही पुन्हा पाहिलेला नाही. तो माझ्यासाठी आता माझ्या गादीवर घडलेला आहे, वडिलांच्या हातांनी.

*

मी सोडली. 'लुई'. २०१० ते २०१५ ची. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच बायकांनी त्याच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल जे सांगितलं ते खरं आहे, असं लुई सी. के. ने दुसऱ्याच दिवशी लेखी कबूल केलं. त्या मालिकेत तो जवळजवळ स्वतःचंच पात्र करतो, स्वतःच्या लाजेवर, वासनेवर, चुकांवर हसवतो. मला वाटायचं, केवढा हा प्रामाणिकपणा! नंतर कळलं की तो सांगत होता तेवढंच सांगत होता, आणि ज्यांच्याबद्दल होतं त्या गप्प राहतील याच्या भरवशावर. जिथे गुन्हा आणि विनोद एकाच विहिरीतून उपसलेले आहेत, तिथे मला पाणी वेगळं करता येत नाही. यात मोठा त्याग वगैरे काही नाही. हसूच येत नाही.

*

पहिला आणि दुसरा अनुभव वाचून लिहायचं धाडस करते आहे.

मी मालिकांचं एडिटिंग करते. काही वर्षांपूर्वी एका रोजच्या मालिकेवर असिस्टंट होते. रात्रीची शिफ्ट, सकाळी रफ कट चॅनलला जायचा, तयार भागांचा साठा कधीच दोनच्या वर नसायचा. मालिकेचा कर्ताधर्ता हुशार माणूस होता, संवाद उभ्या उभ्या सांगायचा. कपडेपटातल्या एका मुलीने त्याच्याविरुद्ध तक्रार केली. चॅनलने आठवड्याभरात मालिका गुंडाळली. शंभराच्या वर माणसं एका दुपारी घरी बसली.

मला जे सांगायचंय ते हे: पहिले दोन दिवस माझा राग त्या मुलीवर होता. त्याच्यावर नाही. हप्ते, भाडं, पुढचं काम, सगळं तिने आमच्यापासून काढून घेतलं असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी जुन्या टाइमलाइनवर सामान आवरत होते, आणि एका न वापरलेल्या शॉटच्या शेवटी ती फ्रेममध्ये आली, नायिकेच्या पदराला पिन लावायला. मागून त्याचा आवाज येतो आणि तिचे हात थांबतात. पूर्ण एक सेकंद, पंचवीस फ्रेम. मग ती पिन लावते आणि बाजूला होते. असे शॉट मी कित्येक महिने कापून टाकत होते. मी तिला फोन केला. उचलला नाही. नंतर मेसेज केला, त्याला उत्तर आलं, आमचं बोलणं अजून आहे.

म्हणून 'रोझॅन'चं जे झालं ते मी बारकाईने पाहिलं. २९ मे २०१८ ला रोझॅन बारने वर्णद्वेषी ट्वीट केलं आणि त्याच दिवशी एबीसी वाहिनीने तिच्या नावाची, नुकतीच धो धो चालायला लागलेली मालिका बंद केली. पण महिन्याभरात उरलेल्या लोकांसाठी मार्ग निघाला. तिने हक्क आणि पैसा सोडला, तिचं पात्र वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनाने गेलं असं दाखवलं, आणि 'द कॉनर्स' नावाने तेच कुटुंब, तोच सोफा, २०२५ पर्यंत चालू राहिला. पहिल्या भागात घरातले लोक तिच्याविना स्वयंपाकघरात वावरतात, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मालिकेला असं कोणी वाचवायला हवं होतं.

आता मी कुठलीही मालिका पाहिली तरी श्रेयनामावली पळवत नाही. शेवटपर्यंत वाचते.

*

वरचं पटलं, तरी एक राहून जातं आहे. ज्या बाईला त्रास झाला तिला रोज टीव्ही उघडल्यावर ती मालिका समोर दिसते, तेव्हा काय होत असेल? शंभर जणांच्या पोटाचा विचार आपण लगेच करतो, तिचा सगळ्यात शेवटी. मी पाहणं थांबवलं ते या एका विचाराने. कुठली मालिका ते महत्त्वाचं नाही.

*

ती बाई मी आहे. म्हणजे त्या मालिकेतली नाही, पण तशी. म्हणून याचं उत्तर माझ्या परीने देते.

माझे साहेब माझ्या कामाची फार स्तुती करायचे. मग एकदा ऑफिसबाहेर भेटायला बोलावलं, मी नाही म्हटलं. तिथून पुढे तेच रिपोर्ट, तीच मी, पण प्रत्येक पान लाल होऊन परत यायला लागलं. मी नोकरी सोडली. सगळ्यात वाईट काय राहिलं सांगू? आधीची स्तुती तरी खरी होती का, हे मला कधीच कळणार नाही.

'कम्युनिटी' मी त्याच काळात पाहत होते. २०१८ च्या जानेवारीत कळलं की मालिकेचा कर्ता डॅन हार्मन याने त्याच्याच लेखनचमूतल्या मेगन गॅन्झशी हेच केलं होतं. एकतर्फी जीव जडला, तिने दूर ठेवलं, मग तिच्यावर राग काढला. मला ब्रह्मांड आठवलं. पण ते कळलं त्याच्याच तोंडून. त्याने आपल्या पॉडकास्टवर सुमारे सात मिनिटं, 'पण', 'जर' न घालता, काय केलं ते ओळीने सांगितलं. पुरुषाशी मी असं कधी वागलो नसतो, हेही सांगितलं. गॅन्झने लिहिलं होतं की स्वतःच्या गुणांवर पुन्हा विश्वास बसायला तिला वर्षं लागली. ती माफी तिने स्वीकारली.

मी ती सात मिनिटं तीनदा ऐकली. मला अशी माफी मिळालेली नाही आणि मिळणारही नाही. पण ती कशी असते हे मला माहीत आहे आता. गोल गोल बोलून सुटू पाहणाऱ्याला मी लगेच ओळखते.

आणि मालिका? दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे. ॲनीचं पेन हरवतं आणि सातही जण अभ्यासाच्या खोलीतून बाहेर पडायला नकार देतात. पूर्ण भाग एकाच खोलीत. बॅगा उलट्या होतात, टेबलं उलटी होतात, एकमेकांवर संशय घेता घेता सगळ्यांची लक्तरं बाहेर येतात. कोणी घेतलं ते प्रेक्षकाला कळतं, त्यांना कधीच कळत नाही. शेवटी ते ठरवतात, भुताने नेलं असेल, कारण आपल्यातल्या कोणी नेलं असं मानण्यापेक्षा ते बरं. तो भाग मेगन गॅन्झने लिहिला आहे. मी तो दर काही महिन्यांनी पाहते. तिला तेव्हा स्वतःबद्दल काय वाटत असेल ते असो, तो भाग चांगला आहे. तिचं काम चांगलं होतं. हे मी मोठ्याने म्हणते, एकटी असले तरी.

तर सगळ्याच बायकांना ती मालिका गायब व्हायला हवी असते असं नाही, ताई. काहींना आपलं नाव त्यावर नीट वाचलं जायला हवं असतं.

*

थोडक्यात लिहितो. 'रिक अँड मॉर्टी'. जानेवारी २०२३ मध्ये मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक, जस्टिन रॉयलंड, याच्यावरचा घरगुती हिंसाचाराचा खटला बाहेर आला आणि अडल्ट स्विम वाहिनीने त्याच्याशी संबंध तोडले. मार्चमध्ये पुराव्याअभावी आरोप मागे घेतले गेले. दोन्ही मुख्य आवाज त्याचेच होते, पुढच्या सीझनला दोन वेगळे कलाकार आले. माझा मुलगा सोळाचा. पहिला भाग संपल्यावर म्हणाला, "बाबा, मला फरक कळलाच नाही." मला प्रत्येक वाक्याला कळत होता. त्याला सगळं सांगू की नको, असा दोन दिवस घोळ घातला. सांगायला बसलो तर त्याला माझ्याआधीपासून माहीत होतं. मग आम्ही तासभर बोललो, मालिकेवर कमी आणि त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या वागण्यावर जास्त. तेवढ्यासाठी तरी मी ती मालिका बंद करणार नाही.

*

धागा मी काढला, तर माझं पुढचं सांगायला हवं. चार वर्षं मी 'बफी' लावली नाही. २६ फेब्रुवारी २०२५ ला मिशेल ट्रॅक्टेनबर्ग गेली. ३९ वर्षांची होती. त्या रात्री मी पाचव्या सीझनमधला सोळावा भाग लावला, आई मरते तो. हा भाग व्हीडननेच लिहिला, त्यानेच दिग्दर्शित केला, त्यातून पळवाट नाही. त्यात पार्श्वसंगीत अजिबात नाही.

धाकटी डॉन शाळेत चित्रकलेच्या तासाला बसली आहे. बाई सांगतात, वस्तू काढू नका, तिच्याभोवतीची रिकामी जागा काढा. बफी येते, तिला बाहेर नेते. कॅमेरा वर्गातच थांबतो, काचेपलीकडे बहीण काहीतरी बोलते, आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत, आणि ही मुलगी कोसळते. तेव्हा मिशेल पंधरा वर्षांची होती. आधी हे पाहताना मी डॉनसाठी रडत असे. या वेळी मी मिशेलकडे पाहत होते, त्या सेटवर उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे, आणि ती जे करत होती ते तिला कोणी दिलेलं नव्हतं.

शेवटी ती शवागारात आईपाशी जाते. हात पुढे करते. बोटं गालाच्या अगदी जवळ येतात, आणि स्पर्श व्हायच्या आत भाग संपतो.

मी लॅपटॉप बंद केला नाही. श्रेयनामावली येऊ दिली, आणि तिचं नाव येईपर्यंत थांबले.